सव्वीस मीटर वायर

लाइट गेलीच आहे, तर बसू या जरा. ती आल्याशिवाय मला पुढचं काही तपासता येणार नाही. आणि तुम्ही मघापासून विचारताय, की भिंतीत एवढे रिकामे पाइप असताना मी वायर बाहेरून, प्लॅस्टिकची पट्टी मारून का नेतेय. दिसायला बरं दिसत नाही, मान्य आहे. तो दिवा जरा इकडे सरकवा. सांगते.

मी भाविका. माझा नवरा प्रणय आणि मी, आम्ही दोघं मिळून हे काम करतो. अलिबागच्या अलीकडे, पोयनाडला आमचं छोटं दुकान आहे. प्रणय आधी केबल टीव्हीसाठी खांबांवर चढायचा, मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. लॉकडाऊननंतर मुंबईची माणसं इकडच्या बंगल्यांत राहायलाच आली. घरी बसून ऑफिस करायचं तर नेट पाहिजे. तेव्हापासून किहीम, नवगाव, थळ, आक्षी, सगळीकडे आमची गाडी फिरतेय.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात थळहून फोन आला. डॉक्टर निवेदिता म्हणून एक बाई. "खाली नेट आहे, पण वर पोचत नाही," एवढंच म्हणाल्या. आवाज दमलेला होता.

दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही निघालो. घर समुद्रापासून थोडं आत, पोफळीच्या वाडीत होतं. दुमजली, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं, जांभ्याच्या जाड भिंतींचं. कुठे तडा नाही, ओल नाही, सगळं स्वच्छ, उजेडाचं. मॅडमनी ते दोन वर्षांपूर्वी विकत घेतलेलं. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर. घरात त्या, सात वर्षांची मुलगी प्राप्ती, आणि दिवसभर कामाला गावातल्या नीराबाई. प्राप्तीचे वरचे समोरचे दोन्ही दात नुकतेच पडले होते. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा ती मधल्या फटीतून जीभ काढून दाखवत आमच्याभोवती नाचत होती.

मॅडमचं काम असं, की दूरदूरच्या हॉस्पिटलांत पेशंटचे सीटी स्कॅन काढतात, ते नेटवरून यांच्याकडे येतात, आणि या घरी बसून वाचून रिपोर्ट पाठवतात. वरच्या खोलीत त्यांचे दोन मोठे पडदे होते.

"परवा एका माणसाच्या मेंदूचा स्कॅन यायला चाळीस मिनिटं लागली," त्या म्हणाल्या. "मी इथे बघत बसले आणि तिकडे तो बेशुद्ध पडलेला. हे असं नाही चालणार हो."

मी दुखणं लगेच ओळखलं. घरात वायफायचे तीन डबे होते. एक खाली हॉलमध्ये मोडेमपाशी, एक वर, एक मागच्या पडवीत. तिन्ही डबे एकमेकांशी हवेतून बोलायचे. मोडेमपाशी स्पीड दोनशे ऐंशी, आणि वर, मधला स्लॅब आणि ती जांभ्याची भिंत ओलांडून पोचेपर्यंत चौदा. मी मॅडमना सांगितलं, डबे बदलून काही होणार नाही. खालच्या डब्यापासून वरच्या डब्यापर्यंत वायर टाकायची. जे हवेतून जातंय ते वायरीतून न्यायचं. खाली जेवढं आहे तेवढंच वर मिळेल.

"भिंती फोडायला लागतील?"

"नाही. बांधताना रिकामे पाइप घातलेत बघा." मी हॉलमधल्या चौकोनी पांढऱ्या झाकणावर टिचकी मारली. तसंच झाकण वर त्यांच्या टेबलामागे होतं. "ह्यातून वर. तासाभराचं काम."

पाइपातून वायर ओढायची म्हणजे आधी एक कडक, लवचीक पट्टी आत सरकवायची. आम्ही तिला स्प्रिंग म्हणतो. ती दुसऱ्या तोंडातून बाहेर आली की वायर तिला बांधायची, एकानं इकडून ढकलायची, दुसऱ्यानं तिकडून ओढायची. दोन माणसं लागतातच. एकमेकांना दिसत नाही, म्हणून ओरडून सांगायचं. ओढ. थांब. सोड.

प्रणय वर गेला. मी खालचं झाकण काढलं. आतून थंड हवा आली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, पोफळीचं पानही हलत नव्हतं, आणि त्या रुपयाएवढ्या भोकातून गार वारा माझ्या चेहऱ्यावर येत होता. वास ओल्या सिमेंटचा. काल घातलेल्या सिमेंटचा असावा तसा.

स्प्रिंग घातली. कुठेही न अडकता गेली. मी भोकापाशी तोंड नेऊन ओरडले, "आली का?"

"आली..."

पाइपातून आवाज घुमून, बारीक होऊन येतो. त्यात काही नवीन नव्हतं. स्प्रिंगला दोनदा झटका बसला. वायर वरच्या टोकाला बांधून खाली ओढून घेणं किंवा खालच्या टोकाला बांधून वरून ओढून घेणं, दोन्ही चालतं. मी वायर बांधली. निळी वायर, नव्या खोक्यातली. तिच्यावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. माझ्या हातात एकशे बाराचा आकडा होता.

"ओढ," मी म्हटलं.

वायर जायला लागली.

एवढी सुरेख वायर मी कधी ओढली नव्हती. वळणावर ती अडते, खरवडते, घाम निघतो. ही जात होती विहिरीत सोडलेल्या दोरासारखी. मी नुसती हातातून सोडत होते. खोकं मागे गरगर फिरत होतं. एकशे अठरा गेलं. एकशे एकवीस. मला वाटलं, वर प्रणय जास्तीची घेऊन ठेवतोय. एकशे सत्तावीस. हॉलपासून वरच्या खोलीपर्यंत सात मीटर, फार तर आठ.

"बस झाली!" मी ओरडले. "किती घेतोस?"

पाइपातून आवाज आला. "अजून..."

"अरे, अजून कशाला?"

"अजून..."

तेवढ्यात अंगणाच्या दारातून प्रणय आत आला. हातात ड्रिलचं पातं होतं, चप्पल बाहेर काढत होता.

"अगं, वरच्या झाकणाचा स्क्रू गंजलाय," तो म्हणाला. "निघतच न्हाय. मागच्या दारानं गाडीकडं गेलो, हे शोधत होतो." मग त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. "तू वायर कुणाला देतेस?"

वायर माझ्या बोटांतून जातच होती.

मला ती सोडता येईना. म्हणजे कुणी धरलं नव्हतं मला, पण माझी बोटं उघडेनात. प्रणयनं पुढे होऊन दोन्ही हातांनी वायर पकडली, पाय भिंतीला लावून मागे रेटला. एक क्षण दोन्हीकडून ताण आला. वायर गिटारच्या तारेसारखी वाजली... आणि थांबली. माझ्या हातात आकडा होता एकशे अडतीस.

सव्वीस मीटर.

आम्ही वर गेलो. वरचं झाकण रंगानं चिकटलेलं, कुणी हात न लावलेलं. प्रणयनं स्क्रू कापून ते काढलं. आत पाइपाचं तोंड होतं आणि त्यात कोळ्याचं जाळं होतं. वायर तिथे नव्हतीच.

"पाइपाला कुठंतरी फाटा असंल," प्रणय म्हणाला. "खाली कुठं जागा असंल, तितं गोळा झाली वायर." तो हे मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. तोंड उतरलं होतं त्याचं. "आणि आवाज?" मी विचारलं. तो जिना उतरायला लागला.

आम्ही वायर मागे ओढून पाहिली. एक बोटभरही हलेना. मग नेहमीच्या सवयीनं मी माझ्याकडचं टोक कापलं, आतल्या आठ तारा काढून त्यांवर प्लग दाबला आणि तपासायचं यंत्र जोडलं. ते यंत्र वायरीची लांबी सांगतं आणि दुसरं टोक कसं आहे तेही सांगतं. लांबी सव्वीस मीटर. दुसरं टोक नुसतं कापलेलं असेल तर 'उघडं' असं येतं. ते आलं नाही. यंत्राच्या मते दुसरं टोक कशालातरी नीट जोडलेलं होतं.

तेवढ्यात वरून मॅडमची हाक आली. "अहो, नेट चालू करा, अर्जंट केस आलीय! जसं असेल तसं करा!"

आम्ही मोडेम बंद ठेवला होता. प्रणयनं घाईत तो चालू केला. वायरीचा प्लग सरळ ठेवायला जागा नव्हती, तो त्यानं खालच्या डब्यात खुपसला. आणि डब्याच्या त्या भोकावरचा हिरवा दिवा लागला. तो दिवा तेव्हाच लागतो, जेव्हा दुसऱ्या टोकाला चालू यंत्र असतं.

वरून मॅडम ओरडल्या, "अरे वा! केलंत की तुम्ही!"

मी धावत वर गेले. पडद्यावर स्कॅन नुसते कोसळत होते. मोबाइलवर पाहिलं, स्पीड दोनशे ऐंशी. डब्याच्या ॲपमध्ये वरच्या डब्यापुढे लिहून आलं होतं, वायरने जोडलेला. मी टेबलावरचा तो डबा उचलला, उलटा केला. लाइटची पिन सोडली तर त्याला काहीच लागलेलं नव्हतं.

"मॅडम, हे बघा ना. ह्याला वायर नाहीये. हे कसं चालतंय ते मला..."

"आत्ता नको." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "बाईच्या डोक्यात रक्तस्राव आहे. मोठा आहे." त्या फोनवर बोलल्या, भराभर टाइप केलं. चार मिनिटांत रिपोर्ट गेला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, घेतोय आत लगेच. मॅडमनी खुर्चीत डोकं मागे टाकलं. "भाविका, ही बाई वाचेल कदाचित. कसं चालतंय ते मला नाही माहीत. चालतंय ना, मग राहू दे."

मी काय बोलणार? खरंच एक जीव वाचत होता. मी प्रणयला हाक मारायला वळले, तेवढ्यात पडद्यावर पुढची केस आपोआप उघडली.

"ही कुणाची?" मॅडम म्हणाल्या. "नाव नाही, हॉस्पिटल नाही..." वेळेच्या जागी त्याच दिवसाची तारीख होती आणि तीन बावन्न. भिंतीवरच्या घड्याळात तेवढेच वाजले होते.

मला त्यातलं काही कळत नाही. करडे-काळे गोल दिसत होते, मॅडम माउसनं एकामागून एक काप सरकवत होत्या. त्यांचा हात हळू होत गेला.

"सीटी झोपवून काढतात," त्या हळूच म्हणाल्या. स्वतःशीच. "हा माणूस बसलेला आहे. गुडघे छातीला लावून. एक हात वर केलेला... आणि हे भोवती काय आहे? टेबल नाही, मशीन नाही. हे सिमेंट आहे. हा दगड." पुढचा काप. "वरच्या हातात बारीक तार आहे. धातू."

"मॅडम, बंद करा ना..."

"थांब." त्या पडद्याजवळ सरकल्या. "हृदय धूसर आहे, बघ. कडा नीट येत नाहीत. फुप्फुसंसुद्धा."

"म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरचा चेहरा नव्हता तो. "स्कॅन काढताना हललं की असं येतं. हा... श्वास घेतोय."

थळच्या खत कारखान्याचा कसला तरी आवाज लांबून येत होता. खाली पंखा फिरत होता. भर दुपारचं ऊन त्या खोलीत पसरलेलं होतं.

मॅडमनी खिडकी बंद करायला माउस नेला. तेवढ्यात दुसरी केस उघडली. तीच जागा, तोच माणूस बसलेला. पण आता त्याच्या मांडीवर आणखी कोणीतरी होतं.

"हाडांची टोकं जुळलेली नाहीत," मॅडम पुटपुटल्या. त्यांचा आवाज शाळेत पाठ म्हणतात तसा झाला होता. "मूल आहे. सहा-सात वर्षांचं. वरचे समोरचे दोन दात..."

त्या पुढे बोलल्या नाहीत. वेळ लिहिली होती चार वाजून दहा मिनिटं. घड्याळात तीन पंचावन्न झाले होते. आणि या वेळी नावाची जागा रिकामी नव्हती.

"प्राप्ती!"

मॅडमची ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. आम्ही जिन्यावरून कशा उतरलो ते आठवत नाही. नीराबाई ओट्यावर मासे साफ करत होत्या. त्या म्हणाल्या, "पोर तं आत आली मगाशी. मला वाटलं तुमच्यापाशी हाय." पडवीत नाही, हॉलमध्ये नाही, न्हाणीत नाही. प्रणय वाडीतल्या विहिरीकडे पळाला. मॅडम नुसत्या खोल्याखोल्यांतून हाका मारत फिरत होत्या.

मी मध्येच थांबले. हाका थांबल्या त्या क्षणभरात मला एक आवाज आला. पाइपातून वायर सरकते त्याचा. तो रोज ऐकते मी, मला तो चुकायचा नाही. जिन्याखालून येत होता.

जिन्याखाली चपला आणि खेळणी ठेवायचं बुटकं कपाट होतं. दार उघडलं. आत प्राप्ती बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. समोरच्या भिंतीत, जमिनीलगत, एक झाकण कधीतरी रंगवून बुजवलेलं होतं. ते निघून पडलं होतं. त्या भोकातून आमची निळी वायर बाहेर आली होती, तिच्या उजव्या मनगटाला तीन वेढे घेऊन परत आत गेली होती. मुलीचा हात मनगटापर्यंत भिंतीत होता.

त्या भोकातून माझा अंगठा कसाबसा गेला असता.

ती रडत नव्हती. "काकू," ती म्हणाली, "काका म्हणाले जरा धर. त्यांचा हात दुखतो."

मॅडम माझ्यामागून आत घुसल्या, तिला कवेत घेऊन मागे ओढू लागल्या. प्रणय आला. तो पकडीनं वायर कापायला गेला, पण बाहेर वायर उरलीच नव्हती, वेढे भोकाच्या आत गेले होते. हात कोपराच्या दिशेनं सरकत होता. आम्ही तिघं ओढत होतो आणि ती आत जात होती, आरामात, जराही न दुखता, जशी मघा माझ्या बोटांतून वायर गेली तशी. ओल्या सिमेंटचा वास एवढा होता की श्वास घेववत नव्हता. आणि आतून कोणीतरी दम लागल्यासारखं म्हणत होतं, अजून... अजून...

नीराबाई दारात उभ्या होत्या. माशाचे हात तसेच. त्यांनी तो आवाज ऐकला.

"चंदर," त्या म्हणाल्या. "ह्यो चंदर हाय."

"कोण चंदर?" मी ओरडले. "मावशी, कोण?"

"ह्या घराचा वायरमन. मी हितं बिगारी होते तवा. जिन्याखाली पोकळी होती, तितं घुसून वायर घेत व्हता. गवंड्यानं संध्याकाळचं त्या पोकळीचं तोंड सिमेंटनं बुजवून टाकलं. सगळे म्हणाले चंदर न सांगता गेला... दुसऱ्या दिशी मी भिंतीत ठकठक ऐकली व्हती गो. मी मुकादमाला सांगितलं. तो म्हणाला, पाणी हाय पाइपात. मी परत न्हाय बोलले. पोटासाठी न्हाय बोलले..."

बाकीचं मी ऐकलं नाही. मला त्या क्षणी एकच सुचलं, आणि ते माझ्या कामातलं होतं. वायर घेणारा माणूस आपणहून कधी थांबत नाही. त्याला दुसऱ्या टोकावरून सांगावं लागतं. ज्यांनी त्याला सांगायचं होतं, तो गवंडी आणि तो मुकादम कधीच निघून गेले होते.

मी हॉलमध्ये पळाले. भोकाला तोंड लावलं आणि प्रणयला देते तशीच हाक दिली, कामातली, मोठी, साधी.

"चंदर! झालं रे! लाइन चालू झाली! सोड आता!"

काही नाही.

"चंदर, काम झालं! सोड! घरी जा!"

आत कुठेतरी खोलवर, एक लांब श्वास सुटला. मग डब्यावरचा हिरवा दिवा विझला. जिन्याखालून मॅडमचा आवाज आला, "आली, आली, सुटली!" मी गेले तर प्राप्ती आईच्या मांडीवर होती. मनगटाभोवती तीन लाल वळ. घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

त्याच संध्याकाळी मॅडमनी अलिबागला नेऊन तिच्या हाताचा एक्स-रे काढला. सगळं ठीक होतं. वरच्या पडद्यावरच्या त्या दोन केसेस पुन्हा सापडल्या नाहीत. डोक्यात रक्तस्राव झालेली ती बाई मात्र वाचली, असं मॅडमना नंतर कळलं.

पोलीस आले. नीराबाईंनी सगळं सांगितलं, पंधरा वर्षांनी. जिन्याखालची भिंत फोडली. तिथे खरंच पोकळी होती, माणूस गुडघे मुडपून बसेल एवढी. रिकामी. हाड नाही, कपड्याची चिंधी नाही. धूळसुद्धा नव्हती, जागा झाडून काढल्यासारखी. कडेला आमची स्प्रिंग आणि मधोमध आमची निळी वायर होती, नीट गोल गुंडाळून, मध्ये दोन गाठी मारून ठेवलेली. एक टोक कापलेलं, कारण हॉलमधला माझा प्लग प्रणयनं त्याच संध्याकाळी भोकापाशी छाटला होता. दुसऱ्या टोकाला प्लग लावलेला होता. माझ्या खोक्यात पंचवीस प्लग आणले होते, एक लावला होता. मी मोजले तर तेवीस उरले.

चंदरची आई येसूबाई पेझारीकडची. पोलिसांनी तिला बोलावून आणलं. म्हातारी जिन्याखाली वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं ती वायर हातात घेतली, बोटांनी चाचपली.

"उलटी गुंडाळलीय," ती म्हणाली. "माजा चंदर डावऱ्या हाताचा. दोरी असो, वायर असो, समदं उलटंच गुंडाळायचा." तिनं इन्स्पेक्टरला विचारलं, "सायेब, ही हाय तर तो कुठं हाय?"

पंचनामा झाल्यावर तिनं माझ्याकडे ती वायर मागितली. मी दिली. पदरात घेऊन, लहान मूल घेतात तशी धरून ती रिक्षात बसली. नीराबाई तिच्या पाया पडायला पुढे गेल्या. तिनं पाय मागे घेतले.

मॅडम नोव्हेंबरात घर बंद करून पुण्याला गेल्या. मला वाटलं, संपलं.

जानेवारीत त्यांच्याकडून एक फोटो आला. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. प्राप्ती शाळेत घसरगुंडीवरून पडली म्हणून एक्स-रे काढला होता. लहान मुलीचं नाजूक मनगट, कुठे मोडलेलं नाही. पण हाडांच्या बाजूनं, मांसाच्या आत, केसाएवढ्या आठ पांढऱ्या रेघा वर चढत गेल्या होत्या. दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली, आणि चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा. आमची निळी वायर उघडून बघितली नसेल त्याला हे माहीत नसतं. कंपनी तो पीळ मुद्दाम वेगळा ठेवते.

मी फोन केला. "दुखतं का तिला?"

"नाही. खेळते, लिहिते. काहीच होत नाही तिला." मग त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. "सर्जननं हात उघडून पाहिला, भाविका. आत काही नव्हतं. टाके घातले, परत एक्स-रे काढला. रेघा होत्या."

तेव्हा त्या कोपराच्या खाली होत्या. होळीच्या सुमाराला कोपर ओलांडलं. मॅडम दर महिन्याला फोटो पाठवतात आणि मला विचारतात, तुमच्या कामातलं आहे, तुम्हाला काही कळतं का. मी त्यांना नाही म्हणून सांगते.

परवाचा फोटो हा बघा. रेघा खांद्यापर्यंत आल्यात. आणि इथे, अगदी वर, पीळ उकललाय. आठही तारा एकेक सुट्या करून, सरळ करून, शेजारीशेजारी ओळीत लावून ठेवल्यात.

प्लग दाबायच्या आधी आम्ही तेवढंच करतो.